अजाइल टीममध्ये (थोड्या-थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) बीए, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू होताय?

स्क्रम ही अजाइल कामाची एक पद्धत. तिच्या अधिकृत स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) आहे, स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर्स आहेत. बिझनेस अ‍ॅनालिस्टचं नाव कुठेच नाही. त्यावरून नवी मुलं घाबरतात. घाबरू नका, काम भरपूर आहे. फक्त आपण नेमकं काय करणार ते पहिल्याच स्प्रिंटमध्ये (कामाच्या पहिल्या टप्प्यात) टीमशी बोलून घ्या, नाहीतर मीटिंगचे मिनिट्स लिहिणं तेवढं गळ्यात पडतं.

खरा सापळा वेगळा आहे आणि मी त्यात बराच काळ अडकलो होतो. प्रॉडक्ट ओनर दिवसभर मीटिंगमध्ये, इकडे डेव्हलपर विचारतोय, "यात काय करायचं?" आणि आपण उत्तर देऊन टाकतो.

जीवन विम्याचंच बघा. मासिक हप्त्याला १५ दिवसांचा ग्रेस पीरियड (हप्ता भरायची वाढीव मुदत), तिमाही, सहामाही, वार्षिकला ३०. नियम सरळ, यूजर स्टोरी (काय बनवायचं याची छोटी नोंद) लिहून झाली. मग टेस्टर विचारते: पंधराव्या दिवशी रात्री ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, बँकेचं कन्फर्मेशन सोळाव्या दिवशी आलं, तर पॉलिसी लॅप्स (बंद पडलेली) दाखवायची का? उत्तर लगेच सुचतं. देऊ नका! उद्या त्यावर कुणाच्या तरी घरचा क्लेम अडकू शकतो, आणि तो निर्णय घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. दोन्ही पर्याय आणि त्यांचे परिणाम चार ओळींत लिहून प्रॉडक्ट ओनरला पाठवा. उत्तर आलं की जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) त्याच स्टोरीच्या तिकिटात, अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियामध्ये (काम पूर्ण मानायच्या अटींमध्ये) टाका. चॅटवर राहिलेलं उत्तर टेस्टिंगच्या वेळी कुणालाही सापडत नाही. उत्तर येईपर्यंत स्टोरी ब्लॉक्ड (अडलेली) आहे, हे स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, स्पष्ट सांगा. डेव्हलपर चिडतील. चिडू देत.

असे प्रश्न रिफाइनमेंटमध्येच (काम सुरू होण्याआधी स्टोरी तपासताना) निघावेत म्हणून स्टोरी आधी टेस्टरला दाखवा. माझं ठाम मत आहे, नव्या बीएला सीनियर बीएपेक्षा चांगला टेस्टर जास्त शिकवतो.

सर्टिफिकेशनच्या मागे आत्ताच धावू नका. सीबीएपी या अनुभवी बीएंच्या सर्टिफिकेशनला ७,५०० तासांचा अनुभव लागतो, तो क्लास लावून मिळत नाही. रेडीमेड यूजर स्टोरी टेम्प्लेट्स विकणाऱ्यांकडे तर फिरकूही नका.

डोमेन, म्हणजे त्या धंद्याचं ज्ञान, येत नाही? येईल. ऑपरेशन्सच्या (रोजचं प्रत्यक्ष काम करणाऱ्या) माणसाशेजारी एक दुपार बसा. तो सिस्टिम सोडून एक्सेल उघडेल आणि हाताने काहीतरी जुळवू लागेल, तेव्हा त्याला विचारा की हे इथे का करावं लागतं.