पचमढीला जाताय? मग या चुका तरी करू नका

पाऊस ओसरला की आमच्या इंदूरच्या रामबागेत कोणीतरी विचारतंच, काका, पचमढी एका दिवसात होईल ना? अरे भिया, ते काय इथलाच पाताळपाणी धबधबा आहे का, सकाळी पोहे-जलेबी हाणून निघालात आणि संध्याकाळी छप्पनच्या खाऊगल्लीत परत! रात्रभर ट्रेनने पिपरिया, मग पुढे 50 किमी घाट, म्हणजे नुसतं पोचण्यातच अर्धा दिवस गेला.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे मढई आणि पचमढी एकच समजणं. पार्क एकच आहे, सातपुडा राष्ट्रीय उद्यान, 1981 चं, पण पचमढी वर पठारावर आणि मढई खाली सोहागपूरच्या बाजूला, देनवा नदीच्या काठी. माझ्या मेव्हण्याने हॉटेल घेतलं पचमढीत आणि सकाळची सफारी बुक केली मढईची, वर मलाच म्हणतो, "भाऊजी, पार्क तर एकच आहे ना?" पहाटे साडेतीनला निघालो, घाटात धुकं, मटकुली येईपर्यंत भाचा दोनदा ओकला, गाडीत कोणी बोलेना. पोचलो तर सूर्य चांगला वर आलेला आणि जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, केव्हाच आत गेलेल्या, तिथे नावेने देनवा ओलांडून मग जिप्सी मिळते हेही साहेबांना माहीत नव्हतं. पैसे गेले ते गेलेच, वहिनींनी परत येईपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून मी तिकीट काढलं की गेटचं नाव मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवतो. पहिल्या दोन रात्री पचमढी, शेवटची रात्र मढईजवळ, सकाळी सफारी आणि तिथूनच घर. आणि जुलै ते सप्टेंबर मढईची कोअर, म्हणजे आतल्या जंगलातली, सफारी बंद असते, तेव्हा बुकिंग होत नाही म्हणून मला फोन करू नका.

दुसरी चूक पाण्याची, आणि इथे मला खरंच राग येतो. वर ऊन आहे म्हणून लोक बिनधास्त कुंडात उतरतात. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नाही, वर पठारावर कुठेतरी पडला की खडकावरून सगळं पाणी सरळ नाल्यात येतं, जिरायला माती आहेच किती. अप्सरा विहारच्या कुंडात सप्टेंबरात आमची पोरं डुंबत होती, पाणी एकदम नितळ, तळाचे गोटे दिसत होते. बघता बघता रंग चहासारखा झाला आणि काड्या, वाळकी पानं वाहत यायला लागली. मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं, पोरं वैतागली, पाच मिनिटं अजून, पाच मिनिटं अजून. थोड्या वेळाने ज्या दगडावर डबे ठेवले होते तो दगडच दिसेना. स्टीलचा एक डबा गेला, आतल्या शेवेसकट. 2011 साली पाताळपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेलेली बघितलेल्या इंदूरकरांना हे परत सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. मी आता पाण्याच्या कडेला एक दगड हेरून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी बघतो, तो भिजला की सामान उचलायचं, चर्चा नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. बी फॉलला आधी उतरायचं असतं आणि चढण नंतर, त्यामुळे जाताना हसणारे येताना पायरी पायरीवर बसलेले दिसतात, आजींना वरच थांबवा. स्लीपर घालून तर जाऊच नका. धूपगडला, म्हणजे सातपुड्याच्या सगळ्यात उंच टोकाला, 1350 मीटरवर, आपली गाडी नेता येत नाही, परमिट काढून जिप्सी करावी लागते, नाक्यावर भांडून काही होत नाही. नागपंचमीच्या आसपास नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून इतके लोक येतात की खोली मिळणं मुश्किल, आधी कॅलेंडर बघा. रजत प्रपात साडेतीनशे फुटांचा आहे खरा, पण मे महिन्यात त्याची नुसती रेघ उरते, मग फोटोसारखा दिसत नाही म्हणून कुरकुर करू नका. हांडी खोहला भर पावसात गेलात तर दरीऐवजी पांढरा ढगच दिसेल, थोडं थांबा, तो सरकतो, पण थांबतं कोण, सगळ्यांना दहा पॉइंट उरकायचे असतात. मी दिवसाला तीनच करतो.

आणि लौंग शेवेचं पाकीट माकडासमोर फोडू नका. मी फोडलं होतं, चष्मा पण गेला.