रास्पबेरी पायवर जुने व्हिडिओ गेम चालवताना या चुका टाळा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक मिळवणे फारसे अवघड नाही. तो घरबसल्या मागवता येतो, आणि वस्तू हातात घेऊनच पैसे देणाऱ्यांना ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारता येते. त्यावर रेट्रोपाय, रिकॅलबॉक्स, बॅटोसेरा किंवा लाका यांपैकी एखादी प्रणाली घालून नव्वदच्या दशकातले कॅसेटवाले गेम टीव्हीवर आणणे हे एका दुपारचे काम मानले जाते, आणि सगळे सुरळीत झाले तर ते तसे आहेही. प्रत्यक्षात मात्र अनेकांचे कधी चित्रच येत नाही, कधी गेम मध्येच थांबतो, कधी साठवलेला खेळ दुसऱ्या दिवशी गायब होतो, आणि या सगळ्याचे खापर इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, फोडले जाते. माझ्या मते अशा तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ इम्युलेटरच्या खालच्या थरांत, म्हणजे विजेत, मेमरी कार्डात किंवा गेमच्या फाइलीत असते. त्यामुळे तपासणीही खालून वर, याच क्रमाने करावी. पुढील विवेचन मुख्यतः रास्पबेरी पाय ४ आणि रेट्रोपाय यांना धरून आहे. इतर मॉडेलांत जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

मोबाइलचा चार्जर

सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच आहे. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट वीज लागते. घरात ३३ किंवा ६७ वॅटचा चार्जर पडलेला असतो, तेव्हा १५ वॅट तो हसत हसत देईल असा हिशेब केला जातो आणि तिथेच गणित चुकते. चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे उजेडात धरून वाचली, तर अनेकदा ५ व्होल्टसमोर फक्त २ अँपिअर लिहिलेले दिसते; मोठे वॅट ९, ११ किंवा २० व्होल्टवरचे असतात आणि ते त्या चार्जरशी बोलणी करू शकणाऱ्या फोनलाच मिळतात. पाय ४ ही बोलणी करत नाही, त्याला ५ व्होल्टच हवे असतात. त्यात लांब आणि बारीक तारेची केबल वापरली की भार वाढल्यावर व्होल्टेज आणखी खाली येते.

व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह येते. अनेक जण ते चिन्ह नजरेआड करतात, आणि काही जण तर सेटिंग बदलून ते दिसणेच बंद करतात. धूर दिसू नये म्हणून खिडकी रंगवण्यासारखा हा प्रकार आहे. व्होल्टेज पडले की प्रोसेसर आपला वेग कमी करतो, आवाज फाटल्यासारखा येतो, यूएसबीला जोडलेला गेमपॅड मध्येच सुटतो आणि कार्डावर चाललेले लेखन बिघडू शकते. चिन्ह दिसले नाही तरी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) थ्रॉटलिंगची, म्हणजे वेग उतरवला गेल्याची, स्थिती विचारून खात्री करता येते. उत्तर निव्वळ शून्य आले तर वीजपुरवठा ठीक आहे; शेवटचा आकडा ५ असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कमी असून वेगही उतरवला गेला आहे, आणि शेवटची चार शून्ये व त्यांच्याआधी ५ असा आकडा आला तर हाच प्रकार बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी घडून गेला आहे. ही तपासणी गेम चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर करावी, कारण मुख्य मेनूवर बोर्डावर भार फारसा नसतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे रास्पबेरी पायसाठीच बनवलेला, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि केबल कायमची जोडलेली असलेला अडॅप्टर घेणे. पाय ३ बी प्लसला मायक्रो यूएसबीचा २.५ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. पाय ५ साठी ५ अँपिअरची शिफारस आहे. तो ३ अँपिअरवरही चालू होतो, पण मग यूएसबीला जोडलेल्या सर्व वस्तूंना मिळून ६०० मिलीअँपिअरचीच मर्यादा पडते. जुना पाय ४ घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१९ च्या पहिल्या आवृत्तीतील यूएसबी-सी जोडणीत रचनेचाच दोष होता, त्यामुळे लॅपटॉपबरोबर येणाऱ्या काही चिपयुक्त केबलींनी तो बोर्ड चालूच होत नसे.

मे महिना आणि बंद टीव्ही युनिट

पाय ४ चे तापमान ८० अंशांवर गेले की तो स्वतःहून वेग उतरवू लागतो. पाय ३ बी प्लसमध्ये ही पहिली मर्यादा ६० अंशांचीच आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान पस्तिशीच्या घरात असते. अशा वेळी प्लॅस्टिकच्या बंद डबीतला बोर्ड काचेचे दार असलेल्या टीव्ही युनिटमध्ये सेट-टॉप बॉक्सवर ठेवला, की पहिली पंधरा-वीस मिनिटे उत्तम चाललेला गेम पुढे रडतखडत चालू लागतो. थोड्या वेळाने येणारा संथपणा हे तापण्याचे लक्षण आहे, तर पहिल्या सेकंदापासून असलेल्या संथपणाचे कारण वेगळे असते. उष्णता शोषणारी जाड अॅल्युमिनियमची केस बहुतेकांना पुरते. पंखा लावलाच, तर घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या भागात राहणाऱ्यांनी तो अधूनमधून साफ करावा, नाहीतर पाती धुळीने माखतात आणि आवाज तेवढा वाढतो.

कार्ड, आणि ते विंडोज वाचते कसे

डाउनलोड केलेली इमेज फाइल (संपूर्ण कार्डाची नक्कल) साध्या कॉपी-पेस्टने कार्डावर टाकली तर बोर्ड सुरू होत नाही. ती रास्पबेरी पाय इमेजर किंवा तत्सम प्रोग्रामनेच कार्डावर लिहावी लागते. लिहून झाल्यावर कार्ड पुन्हा विंडोजच्या संगणकात घातले की दोन गोष्टींनी माणूस गोंधळतो. ३२ जीबीचे कार्ड अचानक काहीशे एमबीचे दिसते आणि 'डिस्क फॉरमॅट करायची का' असा प्रश्न येतो. विंडोजला फक्त सुरुवातीचा छोटा विभाग वाचता येतो, उरलेला लिनक्सचा भाग त्याला अनोळखी असतो, इतकाच त्याचा अर्थ. तिथे होकार दिला तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

पडदा काळाच राहिला तर टीव्हीपेक्षा बोर्डावरचा हिरवा दिवा पाहावा. तो ४ वेळा लुकलुकून थांबत असेल, तर सुरुवातीची आवश्यक फाइल कार्डावर सापडत नाही, आणि ७ वेळा लुकलुकत असेल, तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सापडत नाही. दोन्ही वेळा कार्ड पुन्हा लिहून पाहणे हाच पहिला इलाज. आवृत्ती चुकल्यानेही असेच घडते. रेट्रोपाय ४.८ ची तयार इमेज मार्च २०२२ ची आहे आणि पाय ५ हा २०२३ च्या उत्तरार्धात आला, त्यामुळे ती इमेज पाय ५ वर चालण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती घालून तिच्यावर रेट्रोपाय चढवावे लागते.

रस्त्यावर किंवा भरघोस सवलतीत मिळालेले कार्ड नकली असू शकते. त्यावर १२८ जीबी छापलेले असते आणि आत ८ किंवा १६ जीबीच जागा असते. ती भरेपर्यंत काही कळत नाही आणि त्यानंतरच्या फाइली निमूटपणे बिघडतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री या मोफत प्रोग्रामने नवे कार्ड आधी पूर्ण भरून तपासावे. तासाभराचे काम आहे, पण पुढचा मनस्ताप वाचतो.

थेट बटण बंद करणे

कॅसेटवाल्या यंत्राची आपली सवय अशी, की खेळ झाला आणि भिंतीवरचे बटण बंद केले. रास्पबेरी पाय हा संगणक आहे आणि कार्डावर लेखन चालू असताना वीज तोडली तर त्याची फाइल व्यवस्था बिघडू शकते. स्टार्ट दाबून मेनूतील क्विटमधून शटडाउन निवडावे, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यावा आणि मगच बटण बंद करावे. लाल दिवा वीज असेपर्यंत चालूच राहतो, त्याची वाट पाहू नये.

यातला दुसरा भाग फारच थोड्यांना माहीत असतो. गेमच्या आतच खेळ साठवण्याची सोय असेल आणि पडद्यावर 'सेव्ह झाले' असे दिसले, तरी रेट्रोआर्क (रेट्रोपायमधले बहुतेक इम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) ते त्या क्षणी फक्त स्मृतीत ठेवतो. कार्डावरची फाइल मूळ सेटिंगनुसार तेव्हाच लिहिली जाते, जेव्हा त्या गेममधून रीतसर बाहेर पडले जाते. त्याआधी वीज गेली, तर पडद्यावर झालेली सेव्ह कार्डावर पोहोचतच नाही. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालणाऱ्या कळवा-दिव्याकडच्या घरांत हा अनुभव नवा नसावा. रेट्रोआर्कच्या सेव्हिंग विभागात सेव्ह-रॅम, म्हणजे गेमच्या आत साठवलेला हा खेळ, आपोआप लिहिण्याचा अवधी ठरवता येतो. तो ६० सेकंद ठेवला तर नुकसान झालेच तरी मिनिटभराचे होते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस यासाठी वापरण्याआधी तो ५ व्होल्टवर ३ अँपिअर खरोखर देतो का, हे पाहून घ्यावे.

चित्र, वेग आणि गेमपॅड

पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय जोडण्या आहेत. वीजजोडणीला लागून असलेली वापरावी. टीव्हीआधी बोर्ड सुरू झाला की चित्र न येण्याची तक्रार असेल, तर कॉन्फिग फाइलीतील 'एचडीएमआय फोर्स हॉटप्लग'ची ओळ चालू करावी. ४के टीव्हीला जोडल्यावर पाय ४ बहुधा ४के आणि सेकंदाला ३० चित्रे हा पर्याय पकडतो आणि मग सगळेच जड होते. जुन्या गेमला १०८०पी व ६० हर्ट्झ भरपूर झाले. बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारत असेल, तर टीव्हीचा गेम मोड लावून पाहावा. आवाजासकट गेम संथ चालत असेल, तर फाइल युरोपीय आवृत्तीची नाही ना, हे पाहावे. ती सेकंदाला ५० चित्रांची असते, तर अमेरिकी व जपानी ६० ची. निनटेंडो ६४ चे काही गेम अडखळतील हे गृहीत धरावे, आणि प्लेस्टेशन २ चा नाद पाय ४ वर करू नये.

गेमपॅडची नोंदणी करताना शेवटी 'हॉटकी' विचारली जाते, तिथे सिलेक्टच द्यावे. सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबून गेममधून बाहेर पडता येते ते याच नोंदीमुळे. ती चुकली की बाहेर पडता येत नाही आणि मग हात पुन्हा भिंतीवरच्या बटणाकडे जातो.

गेम दिसत नाही, दिसला तर चालत नाही

फाइल योग्य फोल्डरमध्ये टाकूनही यादीत गेम दिसत नसेल, तर प्रथम इम्युलेशनस्टेशन (गेमची यादी दाखवणारा मेनू) पुन्हा सुरू करावे. नवी फाइल त्याला त्यानंतरच दिसते. लिनक्सला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी वाटतात, त्यामुळे बायोसच्या (मूळ गेमयंत्राच्या आतल्या प्रोग्रामच्या) फाइलीचे नाव अक्षरशः हवे तसेच असावे लागते. प्लेस्टेशनच्या डिस्कच्या दोन फाइली असतात, त्यांतली क्यू फाइल म्हणजे केवळ काही ओळींचा मजकूर असून पहिल्याच ओळीत अवतरणचिन्हांत बिन फाइलीचे नाव असते. फाइलींची नावे 'सुबक' करण्याच्या नादात बिनचे नाव बदलले आणि ही ओळ तशीच राहिली, की गेम उघडत नाही. क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून तेवढे नाव दुरुस्त केले की काम होते. दोन्ही मिळून एकच सीएचडी फाइल करून ठेवली तर हा प्रश्न मुळातच उरत नाही, शिवाय जागाही वाचते.

आर्केडचे, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचे, गेम हे प्रकरण वेगळे आहे. त्याची झिप फाइल म्हणजे त्या यंत्रातील चिपांची नक्कल असते आणि इम्युलेटर आतली प्रत्येक फाइल मोजूनमापून घेतो. म्हणून ती झिप उघडू नये आणि तिचे नावही बदलू नये. वर, प्रत्येक आर्केड इम्युलेटरला गेमच्या फाइलींचा ठरावीक आवृत्तीचा संच लागतो. मेम २००३ ला ०.७८ चा, मेम २०१० ला ०.१३९ चा, तर एफबी निओला सर्वांत ताजा. एका संचातली फाइल दुसऱ्या इम्युलेटरवर कधी चालते, कधी नाही, आणि चालली म्हणून ती बरोबर आहे असेही नाही. निओजिओ या यंत्राच्या गेमना शेजारी निओजिओची बायोस झिप लागते, आणि विभाजित संचातील (जिथे उपआवृत्तीत फक्त वेगळ्या फाइली असतात) उपआवृत्तीला तिची मूळ आवृत्ती. काय कमी आहे हे ओळखायला अंदाज बांधत बसू नये. गेम उघडून परत मेनूवर आला की रनकमांडची (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) नोंद फाइल पाहावी, कारण गहाळ फाइलींची नावे बहुधा तिथे मिळतात. ही नोंद स्मृतीत असते, बोर्ड पुन्हा सुरू केला की पुसली जाते. म्हणून आधी नोंद वाचावी आणि मग काय ते करावे.

'दहा हजार गेम भरलेले' कार्ड विकत घेणाऱ्यांच्या वाट्याला हीच डोकेदुखी येते, फक्त ती दुसऱ्याने करून ठेवलेली असते. त्यातले बहुतेक गेम स्वामित्वहक्काखाली असतात आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा त्यांनाही लागू आहे. शिवाय रेट्रोपायमधील काही इम्युलेटरांचे परवाने व्यावसायिक विक्रीला मुळीच मुभा देत नाहीत. चाचणीसाठी मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ग्रिडली, रॉबी रोटो यांसारखे काही गेम विनाव्यावसायिक वापरासाठी हक्कधारकांच्या परवानगीने ठेवलेले आहेत.

सगळे जुळून आल्यावर लगेच 'सर्व काही अपडेट करा' हा पर्याय दाबू नये. आधी बोर्ड रीतसर बंद करून कार्ड संगणकात घालावे आणि विन३२ डिस्क इमेजरसारख्या प्रोग्रामने त्याची पूर्ण प्रत काढून ठेवावी. संगणकावर त्यासाठी कार्डाच्या पूर्ण क्षमतेएवढी मोकळी जागा लागते, आणि ती प्रत पुन्हा लिहायला घेतलेले नवे कार्ड जुन्यापेक्षा काही एमबींनीही लहान असून चालत नाही.