जुनं विमानाचं इंजिन हाती लागलं तर पाना उचलायच्या आधी हे बघा

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा एमआयडीसीतल्या भंगारात जुनं विमानाचं इंजिन दिसलं की आपली सोलापूरची पोरं लगेच पाना घेऊन तुटून पडतात. थांबा ओ जरा, आधी इंजिनवरची माहितीची पाटी वाचा. वायर ब्रश मारू नका, ठोकलेले आकडे पुसट होतात, रॉकेल आणि जुना टूथब्रश बास.

आर-१८३० असं असलं तर आर म्हणजे रेडियल, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल सिलेंडर मांडलेलं इंजिन, पुढचा आकडा सगळ्या सिलेंडरांच्या मापाचा, घन इंचातला, ६१ नं भागला की लिटर, म्हणजे झाले ३०. आता मॉडेल प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन इंजिन कंपनीचं आहे म्हणून इंजिनही त्यांच्याच कारखान्यातलं असं धरू नका, कारण दुसऱ्या महायुद्धात हेच १८३० ब्यूक आणि शेव्हरोलेनं पण बनवलं, फोर्डनं आर-२८००, स्टुडबेकरनं बी-१७ बॉम्बर विमानासाठी राइट कंपनीचं आर-१८२०, आणि पॅकार्डनं तर रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन व्ही-१६५० या नावानं ५५ हजारांच्या वर काढलं. त्यामुळं बनवणाऱ्याचं नाव वेगळं शोधायचं. पाटीच गायब असेल तर सिलेंडर मोजा, सात-सातच्या दोन रांगा असतील तर १८३० असू शकतं, १८ असतील तर २८००. नुसतं मोजून पक्कं होत नाही पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

फिरवून बघायची घाई सगळ्यात वाईट. विमानात स्विच ऑफ म्हणजे मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारा भाग) वायर बॉडीला टेकलेली असते, इथं ती वायर तुटलेली असणार, म्हणजे मॅग्नेटो कायम चालूच समजा! शिवाय रेडियलच्या खालच्या सिलेंडरांत तेल साठतं, ते दाबलं जात नाही आणि जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी सगळे प्लग काढा (१८३० ला दर सिलेंडरला दोन, म्हणजे २८), खाली ट्रे ठेवा, तेल निथळू द्या. अडकलं तर उलटं फिरवून सोडवायला जाऊ नका, तेल इनटेक (हवा आत घेणाऱ्या) पाइपात जातं आणि पुढच्या वेळी परत सिलेंडरमध्ये येतं. पुसायला टॉवेलच्या चिंध्या, त्याला आपल्याकडं काय तोटा.

जामच असेल तर प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ ऑइल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग हातानंच हलवून बघा. पान्याला पाइप लावून ताकद काढायची नाही.

आणि कापून मॉडेल करायचं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ग्राइंडर अजिबात लावू नका. यातल्या बऱ्याच व्हॉल्व्हच्या पोटात सोडियम असतं, पाणी लागलं की भडका. काही कास्टिंग मॅग्नेशियमची असतात, गॅस कटरनं पेटली तर पाणी ओतून आग अजून वाढते, कोरडी वाळू जवळ ठेवा. गॅस कटरवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो लोखंड समजून सुरू करतो बघा.