किल्टवर घालायचे बक्कलवाले बूट कसे निवडावेत

किल्ट (स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा घडीदार घागरा), कोट आणि स्पोरन (किल्टवर पुढे लटकवायची पिशवी) निवडण्यात लोक अख्खा दिवस घालवतात आणि बुटांसाठी दुकान बंद व्हायच्या आधीची दहा मिनिटं ठेवतात. एडिंबरा-ग्लासगोतली आपली मंडळी मित्राच्या लग्नाचं किंवा 25 जानेवारीच्या बर्न्स नाइटचं (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतल्या मेजवानीचं) बोलावणं आलं की विचारतात, "ऑफिसचे काळे बूट चालतील ना?" नाही चालणार. पँटीखाली अर्धा बूट झाकला जातो, किल्टखाली तो टाचेपासून टोकापर्यंत दिसतो.

आधी प्रसंग बघा. दिवसाच्या कार्यक्रमाला, ट्वीडच्या कोटावर बक्कल नको, साधे ब्रोग (भोकांची नक्षी असलेले चामडी बूट) घाला. संध्याकाळी प्रिन्स चार्ली (समारंभी आखूड) कोट असेल तर बक्कलवाले बूट घ्या. गळ्याला लेसचा जॅबो (छातीवर रुळणारी झालर) आणि वर डब्लेट (अंगाबरोबर बसणारा समारंभी कोट) असेल तर दुसरा विचारच करू नका. भाड्याने कपडे देणारी दुकानं सगळ्यांच्या हाती गिली ब्रोग देतात. त्यांना जीभ नसते आणि लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळाव्या लागतात. ते चुकीचे नाहीत, पण रात्रीच्या पोशाखाला बक्कलच शोभतं. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये रोजच्या बुटांनाही बक्कल असे. पुढे नाड्या आल्या आणि बक्कल दरबारी व समारंभी पोशाखापुरतं उरलं.

रंग काळा, चामडं खरं. बक्कल कोटाच्या बटणांशी आणि स्पोरनच्या धातूशी जुळवा: चकचकीत चांदीला चकचकीत, काळपट प्यूटरला (कथलाच्या मिश्रधातूला) काळपट.

आता खरी अडचण. या बुटाला नाडी नाही, त्यामुळे अख्खं पाऊल एका पट्ट्यावर धरलेलं असतं. पट्टा चुकला तर मापाचा बूटही टाचेतून निसटतो. पट्टा पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, घोट्याच्या घडीच्या जरा पुढे बसला पाहिजे. बोटांकडे सरकलेला असेल तर कितीही आवळा, टाच उचलली जाणारच. घडीवरच आला तर पायऱ्या उतरताना कातडी सोलवटते. मला एका विक्रेत्याने टाचेत चिकटवायची गादी देऊन "आता बसेल" असं सांगितलं होतं. गादीने टाच वर उचलली जाते आणि पाऊल पुढे ढकललं जातं. पट्टा होता तिथेच राहतो आणि वर बोटं चेपतात ती वेगळीच. अशा वेळी गादी घेऊ नका, दुसरा जोड मागा.

माप घेताना किल्टचे जाड लोकरी मोजे घालूनच घ्या, तेही त्या रात्री घालणार असाल तेच. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. चपलांत वाढलेल्या बऱ्याच जणांचा चवडा रुंद असतो. बूट दोन्ही बाजूंनी दाबत असेल तर लांबीचा नंबर वाढवू नका, रुंदी मागा. ब्रिटनमध्ये बुटांची रुंदी एफ, जी अशा अक्षरांनी सांगतात, पुढचं अक्षर म्हणजे जास्त रुंद. नंबर वाढवला की बूट पुढच्या बाजूला लांबतो, पट्ट्याची जागा बिघडते आणि पुन्हा टाच निसटते.

पट्टा मधल्या भोकात बसला पाहिजे. चामडं वापराने सैल होतं, त्यामुळे आवळायला पुढे एक-दोन भोकं शिल्लक हवीत. दुकानातच शेवटचं भोक लागलं तर जोड परत करा. "नवीन भोक पाडून देतो" याला हो म्हणू नका. वरून चिकटवलेलं बक्कल आणि आत इलॅस्टिक असा प्रकारही मिळतो. मी तो घेत नाही. इलॅस्टिक सैल पडलं की आवळायला काहीच उरत नाही.

बऱ्याच जोडांत टोकावर दुसरं, शोभेचं बक्कल असतं. चवड्यावर उभे राहा आणि चामडं कुठे दुमडतं ते बघा. बक्कल त्या घडीच्या पुढे हवं. घडीवर असेल तर चामडं तिथेच चिरतं आणि बक्कलाची कड वर येते. बुटात हात घालून आतून चाचपून बघा: बक्कल जिथे जोडलंय तिथे टोचणारं काही लागलं तर तेच रात्री तुमच्या बोटाला लागेल.

मग दुकानात चाला, जिना उतरा, एका पायावर गिरकी घ्या. लाजू नका. 'स्ट्रिप द विलो' या स्कॉटिश नाचात हातात हात अडकवून एकामागून एक जोडीदार तुम्हाला जोरात फिरवतात. टाच निसटणारा बूट तिथे पायातून उडतो.

तळ चामड्याचाच घ्या. रबर लाकडी फरशीला धरून ठेवतं आणि गिरकीत गुडघा पिळवटतो. चामड्याचा नवा तळ मात्र गुळगुळीत असतो, म्हणून चवड्याखालचा भाग सँडपेपरने हलका घासा. एडिंबऱ्याच्या ओल्या दगडी रस्त्यांवर हे बूट घालून चालू नका. पिशवीतून न्या आणि हॉलमध्ये बदला.

घरी आल्यावर बक्कल कोरड्या फडक्याने पुसा. धातूचं पॉलिश लावायचं असेल तर आधी बक्कलाखाली पुठ्ठा सरकवा, चामड्यावर त्याचे पांढरे डाग पडतात.