यूएई म्हणजे दुबई नव्हे: फायब्रॉइडच्या नव्या उपचाराचा क्लेम मी कसा पास करून घेतला

"ताई, कंपनी नाही म्हणून राहिली," विम्याच्या कॅशलेस काउंटरवरच्या पोरानं मान वर न करताच सांगितलं. तारीख 8 जानेवारी 2025, जागा नागपूरच्या रामदासपेठेतला एक दवाखाना. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भरती व्हायचं होतं. पिशवी भरून तयार होती, सासूबाई मुलीसाठी येऊन राहिल्या होत्या. मी विचारलं, "नाही म्हणजे काय जी? कारण काय लिहिलं?" त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकच ओळ होती: हा उपचार प्रायोगिक असून सिद्ध झालेला नाही.

मी इतवारीत एका ठोक कापड दुकानात हिशेब पाहते. वीस वर्षं नावे-जमा लिहून एवढी सवय लागली आहे की कोणी तोंडी "नाही" म्हटलं तर मी म्हणते, "कुठल्या पानावर आहे ते दाखवा." या क्लेममध्ये माझ्या कामी आली ती हीच सवय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी दुखणं थोडक्यात. गर्भाशयात दोन गाठी (फायब्रॉइड), मोठी 7.2 सेंटीमीटरची. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन 7.8 वर आलं. धंतोलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी आधी गोळ्या दिल्या, लोहाची इंजेक्शनं दिली, मग सरळ सांगितलं, गर्भाशयाची पिशवी काढून टाका. तो सल्ला चुकीचा नव्हता, पुष्कळ बायकांना तोच लागू पडतो. पण माझं मन घेईना. तेव्हा त्यांनीच मला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे बारीक नळीवाटे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे, पाठवलं.

त्या उपचाराचं नाव युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन, थोडक्यात यूएई. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. माझं माहेर काटोलकडचं. तिकडे संत्र्याच्या बागेचं पाणी तोडून तिला ताण देतात. इथं गाठीला ताण द्यायचा. फरक एवढाच की ताणानंतर बाग बहरते आणि गाठ सुकते. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी फायब्रॉइडसाठी हा उपचार 1995 मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे विमा कंपनीला जे प्रायोगिक वाटत होतं ते तीस वर्षं जुनं आहे. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी मात्र डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. गाठीवर ध्वनिलहरींचा मारा करणारा हायफू नावाचा दुसरा नवा उपचार आहे, पण माझ्या गाठींना तो योग्य नाही असं डॉक्टर म्हणाले.

आता कामाचं. आपल्याकडे विमा नियामक आयआरडीएआयनं सप्टेंबर 2019 मध्ये एक परिपत्रक काढलं. त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी आहे आणि कंपनीनं हे उपचार विम्याबाहेर ठेवायचे नाहीत असं म्हटलं आहे. यादीत पहिल्याच क्रमांकावर काय आहे? युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन आणि हायफू. मला हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री पॉलिसीची पुस्तिका काढून बसले तेव्हा "आधुनिक उपचार" या कलमाखाली ती यादी जशीच्या तशी छापलेली सापडली. कंपनी स्वतःच्याच पुस्तिकेच्या विरोधात बोलत होती.

तुमची पुस्तिका आजच काढा. चार पानी प्रमाणपत्र नाही, सगळ्या अटींची जाड पुस्तिका. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसीच्या नावानं मिळते. "आधुनिक उपचार" कलमात मर्यादा किती ते पाहा. कंपनीला उपचार वगळता येत नाही, पण रकमेवर मर्यादा घालता येते. कुठं विमा रकमेच्या 50 टक्के, कुठं ठरावीक आकडा, कुठं पूर्ण रक्कम. आरोग्य संजीवनी पॉलिसीत 50 टक्के आहे. माझी पॉलिसी पाच लाखांची, मर्यादा 50 टक्के, म्हणजे अडीच लाख. दवाखान्याचा अंदाज 1,72,000 होता, तो त्यात बसत होता. नंतर प्रतीक्षा काळ पाहा. गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया आणि साध्या गाठी यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. माझी पॉलिसी मे 2021 ची, तो अडथळा पार झाला होता. नवऱ्याच्या किंवा तुमच्या नोकरीची ग्रुप पॉलिसी असेल तर हा प्रतीक्षा काळ बऱ्याचदा माफ असतो. एचआरला विचारा.

मग नकार का आला? नावामुळे. दवाखान्यानं फॉर्मवर यूएफई लिहिलं होतं, म्हणजे युटेराइन फायब्रॉइड एम्बोलायझेशन. पुस्तिकेत यूएई आहे. उपचार एकच, पण तिकडे बसलेल्या माणसाला यादीत ते नाव दिसलं नाही आणि त्यानं शिक्का मारून टाकला. (यूएई म्हटलं की माझ्या नवऱ्याला दुबई आठवते. त्या रात्रीही आठवली. हसायची वेळ नव्हती, तरी हसलो.) म्हणून फॉर्मवर, डॉक्टरांच्या पत्रावर, अंदाजपत्रकावर, सगळीकडे पुस्तिकेतलं नाव अक्षरशः तसंच लिहून घ्या.

डॉक्टरांचं पत्र हाच या सगळ्याचा कणा आहे आणि तिथंच लोक आळस करतात. दवाखान्याच्या छापील फॉर्ममधल्या दोन ओळींवर भागवू नका. मी दोन्ही डॉक्टरांकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घेतलं. त्यात निदान, आजाराचा कोड (फायब्रॉइडचा डी25), हिमोग्लोबिनचा आकडा आणि तारीख, आधी कुठली औषधं किती महिने दिली आणि फरक का पडला नाही, गाठींची मापं, आणि याच रुग्णाला हाच उपचार का, हे सगळं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं पत्र जास्त वजनदार ठरलं असं मला वाटतं. एम्बोलायझेशन करणारा डॉक्टर ते चांगलं आहे म्हणणारच. जी डॉक्टर आधी पिशवी काढा म्हणाली होती, तीच जेव्हा "पर्याय म्हणून हे योग्य आहे" लिहून देते, तेव्हा समोरच्याला बोलायला जागा राहत नाही.

आता मी जवळजवळ खड्ड्यात पडले होते ती गोष्ट. तपासणीच्या वेळी एका ज्युनिअर डॉक्टर पोरीनं विचारलं, त्रास कधीपासून? मी सहज म्हटलं, "पाच वर्षं झाली असतील." तिनं लिहिलं: पाच वर्षांपासून फायब्रॉइड. पाच वर्षं मागे म्हणजे 2020, पॉलिसी घेण्याच्या आधी! कंपनीची दुसरी क्वेरी नेमकी त्यावरच आली: हा जुना आजार आहे, चार वर्षांचा प्रतीक्षा काळ संपलेला नाही. (नव्या नियमानं जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ 36 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण जुन्या पॉलिसींना तो लागू व्हायच्या आधीच माझं नूतनीकरण झालं होतं.) मोठे दीर म्हणाले, मेपर्यंत थांब ना, चार वर्षं होऊन जातील. 7.8 हिमोग्लोबिनवर अजून चार पाळ्या काढायच्या! मॅडमनी ऐकूनच घेतलं नाही.

खरं काय होतं? पाळी जास्त जाते ही तक्रार जुनी, पण त्यासाठी मी कधी डॉक्टरकडे गेले नव्हते. गाठ पहिल्यांदा दिसली मार्च 2024 च्या सोनोग्राफीत. विम्याच्या भाषेत जुना आजार म्हणजे पॉलिसीच्या आधी डॉक्टरनं निदान केलेला किंवा त्यावर सल्ला-उपचार दिलेला आजार. तेव्हा डॉक्टरांनी खुलासा लिहून दिला, सोबत मार्चचा रिपोर्ट जोडला. इथं एक सांगते, खोटी तारीख लिहून घेऊ नका. जुने कागद कुठून ना कुठून निघतातच, मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही जाते. पण खरं आहे ते नेमकं लिहिलं गेलं पाहिजे. केसपेपरवर काय लिहिलं ते तिथंच उभं राहून वाचा. डॉक्टर घाईत असतात, रागावले तर रागावू द्या.

ही सगळी कागदपत्रं घेऊन मी कंपनीला ईमेल केला, दवाखान्याच्या काउंटरला प्रत दिली आणि सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टही केलं. पत्र इंग्रजीत होतं, मजकूर साधारण असा:

"माझी कॅशलेस विनंती 8 जानेवारी रोजी ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून नाकारण्यात आली. युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन हा उपचार माझ्या पॉलिसीच्या ‘आधुनिक उपचार’ या कलमात पहिल्या क्रमांकावर आहे. त्या पानाची प्रत जोडली आहे. अपेक्षित खर्च त्या कलमातील मर्यादेच्या आत आहे. तरी विनंतीचा फेरविचार करावा. पुन्हा नकार द्यायचा असल्यास पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा असंही त्यात आहे. माझ्या वेळी तो तास किती लांबला ते विचारू नका. संक्रांत आली, हळदीकुंकू झालं, तिळगूळ वाटून झाले, आणि 18 तारखेला मंजुरी आली.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. पैशांची सोय होत असेल तर उपचार करून घ्या आणि नंतर बिलं लावून परतावा मागा. मीही एफडी मोडायची तयारी ठेवली होती. दवाखाना कंपनीच्या जाळ्यात नसेल तर ठरलेल्या उपचाराआधी 48 तास कंपनीला कळवून तिथंही कॅशलेस मागता येतं.

21 जानेवारीला सकाळी आठला भरती झाले, दुसऱ्या दिवशी तीनला सुट्टी. क्लेमला बहुधा किमान चोवीस तास भरती लागते. माझे त्याच्या वर भरले, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. हायफू करून घेणारी बाई त्याच दिवशी घरी जाऊ शकते. तिनं आपल्या पॉलिसीची डे-केअरची (त्याच दिवशी घरी जायच्या उपचारांची) अट आधी वाचून घ्यावी. खोली मी दोघींची घेतली, 3,800 ची. माझी मर्यादा दिवसाला 5,000. मर्यादेच्या वरची खोली घेतली तर फक्त खोलीचाच फरक कापत नाहीत, डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. पहिली रात्र दुखतं, खूप दुखतं. बाप्पा! अशा रात्री वेगळ्या खोलीचा मोह होतो, म्हणून आधीच सांगते.

बिल झालं 1,68,400. कंपनीनं 31,200 कापले. मी कपातीची यादी मागितली. त्यात 6,600 हातमोजे, फाइल, असलं सटरफटर होतं, ते बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. पण 24,600 एका मायक्रोकॅथेटरचे (कण सोडायच्या बारीक नळीचे) होते, "कन्झ्युमेबल" म्हणजे वापरून टाकायची वस्तू म्हणून. मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं: ही नळी नसेल तर उपचारच होत नाही, आणि तुमच्या पुस्तिकेमागच्या न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत ती नाही. सोबत डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी लावली. फेब्रुवारीत ते पैसे खात्यात आले.

नसते आले तर पुढची पायरी आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, किंवा 155255 हा नंबर. त्यानंतर विमा लोकपाल. नागपूरकरांसाठी ते पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, सुनावणी व्हिडिओवरही होते, म्हणजे पुण्याची गाडी पकडायची गरज नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. तिनं फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर लोकपालांकडे जाता येतं, तेही एका वर्षाच्या आत.

एक गोष्ट माझ्या हातून सुटली. माझ्या पॉलिसीत भरतीआधीच्या 30 दिवसांचा खर्च मिळतो. एमआरआय केला होता 14 डिसेंबरला, विधानसभेच्या अधिवेशनाची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकून घेऊ म्हणून. 9 जानेवारीला भरती झाले असते तर तो 26 दिवसांत बसत होता. या भानगडीत तारीख 21 वर गेली आणि तो 38 दिवसांचा झाला. 7,500 गेले. हिशेब ठेवणाऱ्या बाईनं दिवस मोजले नाहीत! भरती पुढे ढकलताना कॅलेंडर समोर ठेवा.

नंतरचे 60 दिवसही तसेच मोजून घ्या. डॉक्टरांनी सोनोग्राफी तीन महिन्यांनी सांगितली, म्हणजे ती या मुदतीच्या बाहेरच. एप्रिलच्या शेवटी केली. मोठी गाठ 7.2 वरून 5.6 वर आली आहे, हिमोग्लोबिन 11.4. त्या सोनोग्राफीचं बिल फाइलला लावलं आहे, माझ्याच नावे.