मेटल गायकाचा आवाज पाचव्या रात्रीपर्यंत कसा टिकवायचा

टूरवर सलग चार रात्री गाऊन पाचव्या रात्री आवाज लागतो का, यावर मेटल गायकाचं करिअर उभं राहतं. एखाद्या रात्री छप्पर उडवणारे पुष्कळ असतात. त्यामुळे शिकायचं आहे ते जवळपास बोलण्याइतक्याच जोरात भयंकर वाटणारा आवाज काढायला. पुढचा दणका माइक आणि स्पीकर देतात.

स्वरतंतूंच्या थोडं वर मिथ्या स्वरतंतूंची जोडी असते. जाड, खोल ग्रोलची, म्हणजे मेटलमधल्या गुरगुरत्या गाण्याची, खरखर मुख्यतः तिथून येते. ती सापडण्यासाठी चष्म्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडतो तसा ‘हाऽऽ’ करा. मान, जबडा, जीभ सैल. वाफ चालू ठेवूनच, जड पेटी उचलताना निघतो तसा हुंकार हळूच त्यात मिसळा. खरखर सुरू झाली की जोर तिथेच थांबवा, वाढवू नका. पाच सेकंद आवाज, दहा सेकंद विश्रांती, असं पाच-सहा वेळा. पहिल्या महिन्यात दिवसाला एकूण १० ते १५ मिनिटं पुरे. घशात गुदगुल्या होऊन खोकला आला तर हवा फार सुटते आहे किंवा खालचे खरे तंतू घासले जात आहेत. त्या दिवशी तिथेच थांबायचं. दुखणं हा सरावाचा भाग आहे असं सांगणारा शिक्षक सरळ सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी, जी बहुतेक जण करतच नाहीत. रोज सकाळी तुमच्या पट्टीतला वरचा एखादा सूर अगदी हळू, बाळ झोपलेलं असताना गुणगुणावं तसा लावा. मोठ्याने गाताना सूज लपते, हळू गाताना लपत नाही. तंतू सुजले असतील तर सूर उशिरा लागतो, आधी नुसती हवा येते आणि मग आवाज फुटतो. काल लागलेला सूर आज दोन स्वर खाली आला असेल, तर आजचा सराव रद्द आणि संध्याकाळच्या शोमधली सर्वांत उंच ओळ प्रेक्षकांवर सोपवा. रोजचा वरचा सूर वहीत लिहून ठेवा. स्क्रीमचा, म्हणजे ग्रोलसारख्या खरखरीत किंचाळीचा, सराव संपल्यावरही साफ ‘आ’ लावून बघा, तो सरावाआधी होता तितकाच स्वच्छ हवा.

शोआधी १५ ते २० मिनिटं वॉर्मअप करा. ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली सूर फिरवायचे, मग स्ट्रॉमधून गुणगुणायचं आणि स्क्रीम अगदी शेवटी. पाणी दिवसभर प्या. स्टेजवर घेतलेला घोट थेट तंतूंवर पडत नाही, त्याचा उपयोग व्हायला वेळ लागतो. शोनंतर कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, गप्प बसा. घसा स्टेजवरच नाही, नंतर गोंगाटात गप्पा मारतानाही बसतो. उशिरा पोटभर जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड होतो.

माइकची जाळी मुठीत धरायची सवय मोडा. माइकच्या मागच्या बाजूची हवेची वाट बंद झाली की तो सगळीकडचा आवाज उचलतो, शिट्टी मारतो आणि शब्द गढूळ होतात. पकड दांड्यावर, तोंडापासून एक-दोन बोटं अंतर. साउंडचेकला मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आधी स्वतःचा आवाज मागा, मग स्नेअर ड्रम आणि एकच गिटार. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस नकळत जोर लावतो आणि घसा तिथेच जातो.

सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांचा क्रम, ठरवताना बोला. दोन अवघड गाणी लागोपाठ नकोत, मध्ये वाद्यांचा तुकडा हवा. गिटारचं ट्यूनिंग अर्धा स्वर उतरवण्यात काहीही कमीपणा नाही. चार-पाच शोनंतर एक मोकळा दिवस करारातच लिहून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. गीतलेखनाचा वाटा आणि बँडच्या नावाचा हक्कही पहिल्या अल्बमआधीच कागदावर आणा.

मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचा आवाज नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बसला, तेव्हा तो गायनशिक्षकाकडे गेला आणि नियमित वॉर्मअप करू लागला. आर्च एनिमी या मेटल बँडची अँजेला गॉसो २०१४ मध्ये गायिका म्हणून बाहेर पडली, पण बँडची मॅनेजर म्हणून काम करत राहिली. व्यवहाराची बाजू शिकून ठेवली असेल तर असा रस्ताही उघडा राहतो.

गाता गाता आवाज एकदम गेला, तर ओळ तिथेच सोडा. तंतूत रक्तस्राव झाला असू शकतो, त्यामुळे पूर्ण मौन आणि लगेच घशाचे डॉक्टर. शोच्या दिवशी डोकेदुखीवर मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बसका आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तरी तपासून घ्या. आवाज उत्तम असतानाच एकदा दुर्बिणीतून स्वरतंतूंचं चित्रण करून ठेवा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर डॉक्टरांना तुलनेला मूळ चित्र मिळेल.