'मून' बघणार असाल तर असा बघा

डंकन जोन्सचा 'मून' (२००९) बघायचाय असं कोणी म्हणालं की मी आधी एकच सांगतो, ट्रेलर बघू नका. ट्रेलरमध्येच बरंचसं फोडून ठेवलंय आणि विकिपीडियावर तर अख्खी गोष्टच आहे. सॅम बेल नावाचा माणूस चंद्रावरच्या तळावर ३ वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर एकटाच काम करतोय, हेलियम-३ (पृथ्वीवर ऊर्जा बनवायला लागणारं इंधन) गोळा करून पृथ्वीवर पाठवायचं काम, आणि घरी जायला आता २ आठवडे उरलेत, एवढं माहीत असलं की बास.

पिक्चर ९७ मिनिटांचा आहे, एका बैठकीत बघा आणि फोन लांब ठेवा, कारण सुरुवातीला काहीच घडत नाहीये असं वाटतं आणि माणूस नेमका तेव्हाच फोन उचलतो आणि मग अर्ध्या तासाने "हे काय चाललंय" म्हणून विचारत बसतो. खरं तर त्या सुरुवातीतच सगळं पेरलंय. सॅम झाडांशी गप्पा मारतो, लाकूड कोरून त्याच्या गावाचं मॉडेल बनवतो, ट्रेडमिलवर पळतो, हे नुसतं बघत राहा. एका ठिकाणी गरम पाण्याने त्याचा हात भाजतो, तो हात लक्षात ठेवा, का ते विचारू नका.

मग गर्टी. गर्टी म्हणजे छताला लटकून इकडून तिकडे सरकणारा रोबोट, आवाज केविन स्पेसीचा आणि चेहरा म्हणून एका छोट्या स्क्रीनवर पिवळी स्मायली. आवाज कायम एकाच पट्टीत, त्यामुळे काय चाललंय ते कळायला त्या स्मायलीकडेच बघावं लागतं. त्याच्या पाठीवर 'किक मी' लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय, शाळेत पोरं करतात तसली मस्करी. आता तळावर ती वाचून हसायला आहे कोण? एकटेपणावर लांबलचक डायलॉग मारण्यापेक्षा ही चिठ्ठी मला शंभर पटीने भारी वाटते.

एक गोष्ट मात्र बघण्याआधी माहीत असलेली बरी, ती म्हणजे हा तळ चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे, जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. अलीकडच्या बाजूला असता तर घरच्यांशी जवळजवळ फोनसारखं बोलता आलं असतं, सिग्नलला जायला सव्वा सेकंदच लागतो. पण पलीकडून पृथ्वी समोरच येत नाही, मध्ये सॅटेलाइट लागतोच. चीनने २०१९ मध्ये तिकडे यान उतरवलं तेव्हा त्यासाठी २०१८ मध्येच वेगळा रिले सॅटेलाइट पाठवून ठेवला होता. त्यामुळे सॅटेलाइट बिघडलाय म्हणून लाइव्ह बोलता येत नाही, बायकोचे रेकॉर्ड केलेले मेसेजच काय ते येतील, असं सॅमला सांगतात ते आपल्यालाही सहज पटतं. अपोलो ११ च्या वेळी, १९६९ मध्ये, बाकी दोघं चंद्रावर उतरलेले असताना यानातून चंद्राभोवती फिरत राहिलेला मायकल कॉलिन्स दर फेरीत जवळपास ४८ मिनिटं असाच चंद्राआड एकटा असायचा, कोणाशीच संपर्क नाही. सॅमची ३ वर्षं या हिशोबाने बघा.

तळाच्या आत तो पृथ्वीवर चालावं तसा चालतो, खरं तर चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश. हे सोडून द्या, बजेट ५० लाख डॉलरच्या आसपास होतं. त्याच कमी पैशांमुळे बाहेरच्या गाड्या खरीखुरी छोटी मॉडेल्स वापरून शूट केल्यात आणि मला तरी त्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या कित्येक महागड्या सीनपेक्षा जास्त खऱ्या वाटतात.

हेडफोन असतील तर लावा, क्लिंट मॅन्सेलचं म्युझिक आहे, पियानोची तीच तीच धून परत परत येत राहते आणि आधी नुसती छान वाटणारी ती धून नंतर नंतर टोचायला लागते.

सॅम बेल झालेल्या सॅम रॉकवेलचं काम कसं आहे ते मुद्दामच लिहीत नाही, लिहिलं की फुटतं.

आणि आवडला तर थोड्या दिवसांनी परत लावा, यावेळी सॅमला सोडा आणि फक्त गर्टीवर नजर ठेवा. तो कुठे सरळ उत्तर देतो, कुठे विषय बदलून "भूक लागलीय का" टाइप काहीतरी काढतो, आणि कुठे कंपनीने सांगितलेलं बाजूला ठेवतो. तो खोटं बोलला की सांभाळून घेतलं, यावर सोबत बघणाऱ्याशी भांडण होणार हे नक्की, त्यामुळे शक्यतो एकट्याने बघू नका.